दुसरा एन्कोडर पूर्वी माणूस होता : सर्वो ड्राइव्हच्या एका रकान्याचा इतिहास

सर्वो ड्राइव्हचा कुठलाही कॅटलॉग उघडा. मॉडेल निवडायच्या तक्त्यात व्होल्टेज, किलोवॅट, ब्रेक वगैरे रकाने संपले की शेवटी कुठेतरी 'फुल-क्लोज्ड' असा एक रकाना असतो. काही मॉडेलांसमोर बरोबरची खूण, काहींसमोर आडवी रेघ. खूण असलेलं मॉडेल महाग. बहुतेक जण हा रकाना शेवटी बघतात, किंवा बघतच नाहीत. आज मला एवढ्या एका रकान्याबद्दल लिहायचंय, कारण संशोधनाची तयारी करणाऱ्यांना मी नेहमी एक गोष्ट सांगते : तांत्रिक कॅटलॉग हा ऐतिहासिक दस्तऐवज म्हणून वाचता येतो. त्यातला प्रत्येक पर्याय कधीतरी कुणाच्यातरी अडचणीतून आलेला असतो.

आधी गोष्ट काय आहे ती साध्या शब्दांत. सीएनसी मशीनमध्ये मोटर फिरते, तिला कपलिंगनं बॉलस्क्रू जोडलेला असतो, बॉलस्क्रूवरची नट टेबल किंवा स्लाइड पुढेमागे सरकवते. मोटरच्या शेपटाला एन्कोडर असतो, तो मोटर किती फिरली ते सांगतो. त्यावरून टेबल कुठे असेल हे काढलं जातं. 'असेल' हा शब्द लक्षात ठेवा. मोटरच्या एन्कोडरनं टेबल कधी पाहिलेलंच नसतं. मधे कपलिंग आहे, स्क्रू आहे, नटमधला प्ले आहे, बेअरिंग आहे. ही सगळी साखळी चोख आहे असं धरून तो हिशेब सांगतो. या व्यवस्थेला सेमी-क्लोज्ड म्हणतात. दुसरा मार्ग म्हणजे टेबलालाच एक मोजपट्टी लावायची, काचेची किंवा पोलादाची, जिच्यावर मायक्रॉनमध्ये बारीक रेषा आहेत आणि एक डोकं त्या वाचत जातं. ही लिनियर स्केल. मोटरवरचा एक आणि टेबलावरचा एक, असे दोन एन्कोडर एकत्र वापरले की ती दुहेरी फीडबॅकची व्यवस्था झाली.

मग प्रश्न असा की टेबलाची जागा हवी असताना जग पन्नास वर्षं मोटरची शेपटी का मोजत बसलं?

उत्तरासाठी सीएनसीच्याही मागे जायला हवं, हँडव्हीलच्या लेथकडे. जुन्या लेथवर काम केलेल्या माणसाला विचारा, तो सांगेल की डायलवर आकडा आणताना तो नेहमी एकाच बाजूनं आणायचा. पुढे गेलं तर नुसतं थोडं मागे घ्यायचं नाही. चांगला अर्धा फेरा मागे जायचं आणि पुन्हा पुढून यायचं. याला 'प्ले काढून घेणं' म्हणतात. त्याला हेही माहीत असायचं की सकाळचा पहिला जॉब आणि दुपारचा जॉब यांची साइझ एकाच आकड्यावर सारखी येत नाही. डायल म्हणजे पहिला एन्कोडर, स्क्रूवरचा. दुसरा एन्कोडर तो स्वतः होता : हाताला लागणारा ढिलेपणा, कानाला लागणारा आवाज, आणि शेवटी मायक्रोमीटर लावून बघणं.

१९४९ साली मिशिगनच्या ट्रॅव्हर्स सिटीतल्या जॉन पार्सन्सनं अमेरिकन हवाई दलाचं काम घेतलं आणि ते पुढे एमआयटीच्या सर्वोमेकॅनिझम्स लॅबोरेटरीकडे गेलं. ही प्रयोगशाळा गॉर्डन ब्राउननं १९४० च्या सुमारास उभी केलेली, युद्धात तोफांना नेम धरायला लावणाऱ्या सर्वोंवर वाढलेली. सप्टेंबर १९५२ मध्ये तिथे सिनसिनाटीच्या हायड्रो-टेल मिलिंग मशीनवर पंच केलेल्या टेपवरून तीन अक्ष चालवून दाखवले गेले. आज आपण ज्याला एनसी म्हणतो त्याचा जन्म साधारण इथे धरतात. डेव्हिड नोबल या इतिहासकारानं १९८४ साली 'फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन' या पुस्तकात यावर फार टोकदार मांडणी केली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की कारागिराच्या हालचाली नोंदवून पुन्हा वाजवायची पद्धतही तेव्हा उपलब्ध होती, पण टेपवर आकडे लिहिण्याची पद्धत जिंकली, कारण तिच्यात कारागिराला वगळता येत होतं. नोबलशी तुम्ही सहमत व्हा किंवा होऊ नका (मला स्वतःला तो व्यवस्थापनाच्या हेतूंवर जास्त आणि मशीनच्या भौतिक अडचणींवर कमी बोलतो असं वाटतं), पण त्याचा प्रश्न आपल्या कामाचा आहे. माणूस वगळला, तर त्याच्या हातातलं मोजमाप गेलं कुठे?

याचं एक उत्तर त्याच दशकात स्कॉटलंडमध्ये मिळत होतं. एडिंबरोच्या फेरांटी कंपनीत थिओ विल्यमसन नावाचा इंजिनीअर होता. गाण्याच्या अ‍ॅम्प्लिफायरचा नाद असलेल्यांना तो 'विल्यमसन अ‍ॅम्प्लिफायर'मुळे माहीत असतो, तोच हा. त्याच्या गटानं टेबलाची जागा थेट टेबलावरच मोजायचं ठरवलं. दोन बारीक रेषांच्या जाळ्या एकमेकींवर किंचित तिरप्या ठेवल्या की मोठे काळेपांढरे पट्टे दिसतात. घरात दोन मच्छरदाण्या एकमेकींवर आल्या की दिसतात, तेच. याला म्वारे पट्टे म्हणतात. जाळी एक रेष सरकली की पट्टा एक पूर्ण अंतर सरकतो. म्हणजे न दिसणारी हालचाल मोठी होऊन दिसते आणि फोटोसेल ती मोजू शकतो. अशा जाळ्या स्वस्तात पाडायची रीत ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत तयार झाली होती. जर्मनीत ट्राउनरॉइटच्या हाइडेनहाइननं काचेवर क्रोमच्या रेषा पाडायच्या तंत्रावर पुढे सगळा धंदाच उभा केला. म्हणजे पन्नाशीच्या दशकातच टेबल मोजता येत होतं.

तरी जग मोटरकडे वळलं. का, ते जपानमध्ये दिसतं.

फुजित्सूमध्ये सेइउएमोन इनाबा यांच्या गटानं १९५६ साली एनसी बनवलं आणि १९५९ मध्ये इलेक्ट्रो-हायड्रॉलिक पल्स मोटर काढली. ही मोटर म्हणजे एक छोटी स्टेपर आणि तिची ताकद वाढवणारा तेलाचा दाब. एक पल्स दिला की एक पाऊल. पाऊल पडलं का, हे कुणी विचारायचं नाही. फीडबॅक शून्य! आज ऐकायला धाडसी वाटतं, पण लहान कारखान्याला ही स्वस्त, समजायला सोपी आणि बिघडली तर दुरुस्त करता येण्यासारखी गोष्ट होती. लूप नाही म्हणजे लूप हेलकावे खाणार नाही. १९७२ मध्ये फानुक ही वेगळी कंपनी झाली आणि पुढच्याच वर्षी तेलाचं संकट आलं. तेलावर चालणारी, गरम होणारी, गळणारी, आवाज करणारी मोटर विकणं अवघड झालं. इनाबांनी आपलंच नाव ज्यावर झालं होतं ते तंत्र सोडून १९७४ मध्ये अमेरिकेच्या गेटिस कंपनीकडून डीसी सर्वो मोटरचा परवाना घेतला. डीसी सर्वोला फीडबॅक लागतोच. तो कुठे लावायचा? मोटरच्या शेपटीला. तिथे कूलंट उडत नाही, चिप्स पडत नाहीत, मशीन बनवणाऱ्याला वेगळी पट्टी बसवायला आणि तिच्यासाठी पृष्ठभाग घासायला लागत नाही. मोटर, एन्कोडर, केबल असं एकच पाकीट विकता येतं. बॉलस्क्रू तोवर चांगले यायला लागले होते, आणि त्यांच्या पिचमधली चूक एकदा मोजून कंट्रोलमध्ये तक्ता भरला की सुधारता येत होती. सेमी-क्लोज्ड जिंकलं ते अचूकतेमुळे नाही. सोयीमुळे आणि किमतीमुळे जिंकलं, आणि बहुतेक कामांना ते पुरतंही.

न पुरण्याची जागा म्हणजे उष्णता. इथे जरा आकडेमोड करू, कारण व्हायवामध्ये हे कुणी विचारलं तर हात वर करायची वेळ येऊ नये.

१० मिलिमीटर पिचचा बॉलस्क्रू, मोटरवर १७ बिटचा एन्कोडर. १७ बिट म्हणजे एका फेऱ्याचे १,३१,०७२ भाग. एक भाग म्हणजे टेबलाचे ०.०७६ मायक्रॉन. कॅटलॉगमध्ये हा आकडा बघून माणूस हुरळतो. आता पोलाद एक मीटरला एक अंश सेल्सिअसमागे साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं. लेथच्या एक्स अक्षावर धरून ठेवलेल्या बेअरिंगपासून नटपर्यंत २०० मिलिमीटर अंतर आहे आणि नटच्या घर्षणानं स्क्रू ४ अंशांनी तापला, तर वाढ झाली ९.२ मायक्रॉन. लेथवर ही त्रिज्येतली चूक, व्यासात दुप्पट : १८ मायक्रॉनच्या वर. आणि ५० मिलिमीटरच्या शाफ्टला एच-६ मापात एकूण मोकळीक असते १६ मायक्रॉनची. म्हणजे ड्रॉइंगनं दिलेली सगळी जागा एकट्या उष्णतेनं खाल्ली, आणि ०.०७६ मायक्रॉन मोजणाऱ्या एन्कोडरला त्याचा पत्ताही नाही. मोटर बरोबर तितकीच फिरली, तो खोटं बोलत नाहीये. त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा आहे.

आता हे सगळं आपल्या गल्लीत आणू.

कल्याणहून कसाऱ्याकडे जाताना पहिलं स्टेशन शहाड. बाहेरच्यांना शहाड म्हटलं की रेयॉनचा कारखाना आठवतो. पण या भागाकडे मशीन टूलच्या इतिहासातून पाहिलं तर वेगळा नकाशा दिसतो. अंबरनाथला संरक्षण खात्याची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, कळव्याला सीमेन्स, ठाणे-बेलापूर रस्त्यावर मोटरी बनवणारी भारत बिजली, ठाण्यात वागळे इस्टेट. एमआयडीसीची स्थापना १ ऑगस्ट १९६२ ची, आणि या पट्ट्यातली शेडची रांग मुख्यतः त्यानंतरची. भारतातल्या सीएनसीचा इतिहास लिहिताना लोक एचएमटी आणि बंगळूरपासून सुरुवात करतात आणि तिथेच संपवतात. ते चूक नाही, अपुरं आहे. मशीन बनवणं बंगळूरला झालं असेल, पण मशीन जुनं झाल्यावर त्याचं काय होतं हा इतिहास शहाड, उल्हासनगर, अंबरनाथसारख्या ठिकाणी घडला. १९९१ नंतर आयात सोपी होत गेली तशी परदेशातली वापरलेली सीएनसी मशीनं छोट्या शेडमध्ये यायला लागली. बेड भक्कम, कंट्रोल मेलेला. मग नवा कंट्रोल, नव्या मोटरी, नवे ड्राइव्ह. याला रेट्रोफिट म्हणतात, आणि मोटर की टेबल हा जुना वाद शेडमालकाच्या टेबलावर कोटेशनच्या रूपानं येतो तो इथे.

फील्डवर्कमध्ये पाहिलेली अशी एक शेड. नाव-गाव सांगत नाही. जुना जपानी लेथ, पंपांचे शाफ्ट आणि स्लीव्ह यांचं जॉबवर्क, मशीनवर बँकेचा हप्ता चालू. शाफ्टची एक लॉट परत आली होती, कारण दुपारनंतरचे नग मापाबाहेर. शेठनी कुणीतरी सांगितलं म्हणून एक्स अक्षाला लिनियर स्केल बसवायचं ठरवलं. स्केल आली, तेव्हा कळलं की घेतलेल्या ड्राइव्हच्या मॉडेलला दुसऱ्या एन्कोडरची सॉकेटच नाही. तक्त्यातली आडवी रेघ! ड्राइव्ह बदलला. स्केल जोडली, लूप टेबलावर बंद केला, आणि अक्ष उभ्या जागी गुणगुणायला लागला. डायल लावल्यावर काटा सतत मागेपुढे. कट घेतला तर पृष्ठभागावर लाटा.

ऑपरेटर वयानं साठीच्या आसपास, आधी हँडव्हीलच्या मशीनवर अनेक वर्षं काढलेले. ते मला म्हणाले, "ताई, मी शेठना आधीच बोललो होतो. अगोदर प्ले काढा, मग काच लावा." स्केलला ते 'काच' म्हणतात.

त्यांनी एका वाक्यात सांगितलं त्याला कंट्रोलच्या पुस्तकात अख्खा अध्याय असतो. नटमध्ये ३०-४० मायक्रॉनचा ढिलेपणा आहे समजा. स्केल सांगते, टेबल अजून २ मायक्रॉन मागे आहे. ड्राइव्ह मोटर फिरवतो, पण मोटर ढिल्या भागात आहे, टेबल हलत नाही. ड्राइव्ह आणखी जोर लावतो. अचानक नट पलीकडच्या बाजूला टेकते, टेबल उडी मारून पुढे जातं. आता स्केल सांगते, पुढे गेलं. मोटर उलटी. पुन्हा ढिला भाग, पुन्हा उडी. हे थांबत नाही. सेमी-क्लोज्डमध्ये हाच ढिलेपणा लूपच्या बाहेर होता, म्हणून माप चुकायचं पण अक्ष शांत असायचा. स्केल लावली आणि ढिलेपणा लूपच्या आत आला. चूक दिसायला लागली हे खरं, पण ज्या हातानं ती सुधारायची तो हातच सैल आहे.

म्हणून दुहेरी फीडबॅकमध्ये कामाची वाटणी करतात. वेग मोटरच्या एन्कोडरवरून, जागा स्केलवरून. मोटर आणि तिचा एन्कोडर एकाच दांड्यावर, मधे ढिलं काही नाही, त्यामुळे वेगाचा लूप घट्ट ठेवता येतो. जागेचा लूप त्याच्याबाहेर, सावकाश. एवढ्यानंही गुणगुण थांबली नाही तर आणखी एक युक्ती आहे. फानुकच्या कंट्रोलमध्ये ती 'ड्युअल पोझिशन फीडबॅक' या नावानं मिळते. दोन्ही एन्कोडरमधला फरक काढायचा, तो फरक एका गाळणीतून हळू सोडायचा, आणि मोटरच्या जागेत मिळवायचा. जलद हालचालीत गाळणी फरक अडवते, ड्राइव्हला जवळजवळ फक्त मोटर दिसते, अक्ष शांत राहतो. अक्ष थांबला किंवा सावकाश चालला की फरक पूर्ण गाळून येतो आणि टेबल स्केलप्रमाणे जागेवर बसतं. गाळणी किती सावकाश ठेवायची तो आकडा पॅरामीटरमध्ये भरायचा. मला हा पॅरामीटर या सगळ्या इतिहासातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. 'प्ले काढून घेऊन सावकाश आकड्यावर येणं' ही हँडव्हीलवाल्या माणसाची सवय इथे मिलिसेकंदात लिहिलेली आहे.

त्या शेडमध्ये शेवटी नटचा प्रीलोड दुरुस्त केला, मग स्केल चालली. दुपारच्या नगांचं माप सुटलं.

ढिलेपणा मारायचा आणखी एक मार्ग आहे, आणि तो पाहायला शहाडहूनच रस्ता जातो. मुरबाड रोडनं सरळ निघा, माळशेज चढा, आळेफाट्याला पुणे-नाशिक हमरस्ता लागला की नारायणगावकडे वळा. तिथून पुढे खोडद. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी. टीआयएफआरच्या प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभ्या केलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांची सर्वो यंत्रणा तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं घडवली. तबकडी फिरवायला मोटर आणि टेबल यांच्या जागी मोटर आणि तबकडीचा अक्ष आहे, मधे बॉलस्क्रूऐवजी प्रचंड गुणोत्तराचा गिअरबॉक्स. तबकडी एक फेरा घेते तोवर मोटरचे हजारो फेरे झालेले असतात. गिअर म्हटलं की ढिलेपणा आलाच. इथे प्रत्येक अक्षाला दोन मोटरी लावल्या आहेत आणि त्या एकमेकींविरुद्ध थोडा ताण धरून ठेवतात, म्हणजे दात कायम टेकलेले राहतात. वेग मोटरवरून, जागा थेट अक्षावर बसवलेल्या १७ बिट एन्कोडरवरून. तीच वाटणी!

आणि तोच १७ चा आकडा. मोटरच्या शेपटीवर १७ बिट म्हणजे ०.०७६ मायक्रॉनचा भास. तबकडीच्या अक्षावर १७ बिट म्हणजे साधारण १० कोनीय सेकंद, पण ते खरे, कारण जे मोजायचं त्यावरच एन्कोडर बसलाय. संशोधन प्रस्तावात 'अमुक बिट रिझोल्यूशन' असं लिहिण्याआधी हे एन्कोडर कुठे बसलाय ते लिहा. गाइड खूश होतील की नाही माहीत नाही, परीक्षक होतील.

राहता राहिला मूळ रकाना. ड्राइव्हला दुसरी सॉकेट असायला का लागली? यालाही इतिहास आहे. अ‍ॅनालॉग काळात ड्राइव्ह फक्त वेग सांभाळायचा. कंट्रोलकडून उणे १० ते अधिक १० व्होल्टची आज्ञा यायची, मोटरवरच्या टॅकोवरून वेग कळायचा, बस. जागेचा लूप कंट्रोलमध्ये, त्यामुळे स्केलची वायरही कंट्रोलला. ड्राइव्ह घेताना स्केलचा प्रश्नच यायचा नाही. मग ड्राइव्ह डिजिटल झाले, सर्कोस आणि पुढे २००३ मध्ये आलेल्या इथरकॅटसारख्या बसवर बोलायला लागले, आणि जागेचा लूप बऱ्याच ठिकाणी कंट्रोलमधून ड्राइव्हमध्ये सरकला. दुसरीकडे स्वस्त कंट्रोल अजून पल्स आणि दिशा हीच भाषा बोलतात. ही त्या पावला-पावलाच्या पल्स मोटरींच्या काळातली भाषा : पल्स पाठवायचे आणि विसरून जायचं. अशा कंट्रोलला स्केल वाचताच येत नाही, म्हणून ड्राइव्हनं ती वाचणं भाग. उलट फानुकच्या व्यवस्थेत स्केल वेगळ्या डिटेक्टर युनिटमार्फत कंट्रोलकडे जाते, तिथे ड्राइव्हवर सॉकेट शोधत बसणं व्यर्थ.

तेव्हा ड्राइव्ह निवडताना पहिला प्रश्न 'किती किलोवॅट' हा नाही. जागेचा लूप कुठे बंद होतो, कंट्रोलमध्ये की ड्राइव्हमध्ये, हा आहे. त्याचं उत्तर मिळालं की मग स्केल कोणती भाषा बोलते ते बघा : साधे ए-बी पल्स, एक व्होल्टचे साइन-कोसाइन, की एनडॅट, बिससारखी सिरीयल भाषा. कनेक्टर बसला म्हणजे भाषा जुळली असं नसतं. वेगाचा हिशेब हातानं करा. ३० मीटर प्रतिमिनिट म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर, १ मायक्रॉनच्या स्केलवर सेकंदाला ५ लाख पल्स, ०.१ मायक्रॉनच्या स्केलवर ५० लाख. ड्राइव्हच्या इनपुटची कमाल मर्यादा याच्या वर हवी, नाहीतर जलद हालचालीत पल्स गळतील आणि माप हळूहळू सरकत जाईल. असला दोष शोधायला महिने लागतात. दोन एन्कोडरमधला फरक किती झाला की अलार्म द्यायचा, हा पॅरामीटर आहे का ते बघाच. कपलिंग घसरलं किंवा स्केलची केबल तुटली तर तोच वाचवतो. आणि पहिल्यांदा चालू करताना आधी सेमी-क्लोज्डवरच अक्ष हलवून दोन्ही आकडे एकाच दिशेनं वाढतात का ते पाहा. उलटे असतील आणि तसाच लूप बंद केला, तर स्लाइड पूर्ण वेगानं टोकावर जाऊन आदळते.

आपल्या हवामानाचं एक वेगळंच आहे. स्केलच्या आवरणात स्वच्छ, कोरडी हवा सोडायची असते, म्हणजे कूलंटचा धूर आत जाणार नाही. पावसाळ्यात कल्याणच्या हवेत साध्या कॉम्प्रेसरमधून हवेबरोबर पाणीही जातं आणि काच धुरकट होते. ड्रायर आणि फिल्टरचा खर्च कोटेशनमध्ये नसतो, तो आधीच धरा. वीज वारंवार जाणाऱ्या ठिकाणी साध्या इन्क्रिमेंटल स्केलला प्रत्येक वेळी होमिंग लागतं. तिथे अ‍ॅब्सोल्युट स्केल किंवा निदान अंतर-सांकेतिक संदर्भखुणा असलेली स्केल परवडते.

आणि जिथे लागत नाही तिथे घेऊ नका. माप पाच शतांश मिलिमीटरच्या आसपास सैल असेल, लॉट लहान असेल, तर चांगला बॉलस्क्रू आणि सकाळी वीस मिनिटं मशीन तापवणं पुरतं. घ्यायच्या आधी एक साधी परीक्षा : मॅग्नेटिक स्टँडवर डायल लावा, अक्ष एकाच बिंदूवर दोन्ही बाजूंनी आणा, फरक लिहा. मग दोन तास मशीन चालवून पुन्हा तोच बिंदू बघा. पहिला फरक मोठा असेल तर ती मेकॅनिकची बाब, ड्राइव्हची नाही. दुसरा मोठा असेल तर स्केलचा विचार करा.

यावर संशोधन करायचं मनात असेल तर साधनांबद्दल थोडं. कंपन्यांचे छापील इतिहास सहज मिळतात आणि ते विजयाच्या भाषेत लिहिलेले असतात. त्यात परत आलेल्या लॉट नसतात. त्यापेक्षा जुने मेंटेनन्स मॅन्युअल पाहा, विशेषतः समासात पेन्सिलीनं पॅरामीटर लिहिलेले. पहिलं इमटेक्स प्रदर्शन १९६९ साली मुंबईत झालं, तेव्हापासूनचे कॅटलॉग जुन्या विक्रेत्यांच्या कपाटात अजून असतात. अंबरनाथ, कळवा, ठाणे इथल्या कारखान्यांतून निवृत्त झालेली मेंटेनन्सची माणसं बोलायला तयार असतात, फक्त त्यांच्याशी 'स्केल' म्हणून बोलायचं की 'काच' म्हणून, ते आधी ऐकून घ्या. घाई मात्र करा. शेड बंद झाली की मशीन भंगारात जातं, आणि त्याच्याबरोबर मॅन्युअलं रद्दीत, किलोच्या भावानं. गेल्या पावसाळ्यात मला उल्हासनगरच्या एका रद्दीवाल्याकडे एका कंट्रोलच्या मॅन्युअलचा फक्त दुसरा खंड मिळाला. सर्वो पॅरामीटर पहिल्या खंडात असतात.